कोटीच्या स्थानी आठ

२ ऑक्टोबर २०२३, सोमवार
बरकतपुरा, हैदराबाद

स्मृतिपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर श्री. अंबाजीराव लिहितात की, प्रा. शिवराज यांचे निवासस्थान 'तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमाभिमुख' होते. दोन्ही विधाने चूक आहेत. घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याचे दार पूर्वेला उघडते. आज दुपारी साडेतीनपासून मी त्याच घरात राहत आहे, तेव्हा याबाबत माझा शब्द प्रमाण मानण्यास हरकत नसावी.

प्रवास सुखाचा झाला. नात ऋचा सिकंदराबाद स्थानकावर आली होती. ती येथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि एकटी राहते; माझी पत्नी गेल्यापासून मी पुण्यात एकटा राहतो. माझी मुलगी सुलभा हिने दोन एकट्यांची बेरीज केली आणि मला इकडे धाडले. घर हवेशीर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिंचेचे झाड दिसते. चार वर्षे घर बंद होते, म्हणून ऋचाला ते सहज मिळाले.

घरमालक म्हणजे हेच अंबाजीराव. निजामाच्या काळापासून त्यांचे घराणे येथे आहे आणि ते स्थानिक मराठी मंडळाचे चिटणीसही आहेत. पुस्तिका त्यांनी प्रेमाने हाती ठेवली. छत्तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या हाती असे काही ठेवू नये, हे त्यांना ठाऊक नसावे. बावीस पानांत एकेचाळीस चुका निघाल्या. संध्याकाळ फार आनंदात गेली.

५ ऑक्टोबर

माझ्या खोलीत भिंतीतले एक लाकडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूस काळ्या तैलरंगात एक सोळा अंकी संख्या लिहिलेली आहे:

४४२५५७०९३५०८१३०७

खाली पेन्सिलीने, प्राध्यापकांच्या रेखीव अक्षरांत: 'अविभाज्य. पुन्हा भागू नये.' पुस्तिकेतही हीच संख्या छापली आहे आणि तिची अविभाज्यता सिद्ध करण्यात सरांनी अखेरची वर्षे वेचली, असे म्हटले आहे. विद्यानगरजवळच्या विद्यापीठात ते गणित शिकवीत.

लहानपणी पाठ केलेली स्थाने मी मोठ्याने म्हणून पाहिली: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. सोळावे स्थान 'अंत्य'. एकही नाव विसरलो नव्हतो. ऋचाने दारातून टाळ्या वाजवल्या.

मग सवयीने अंकांची बेरीज केली. त्रेसष्ट. ज्या संख्येच्या अंकांची बेरीज त्रेसष्ट येते, तिला नऊने निःशेष भाग जातो; हे पाचवीतल्या मुलालाही सांगता येते. मग गणिताचा प्राध्यापक तिला अविभाज्य कसा म्हणेल? याचा अर्थ एकच. कोठेतरी एक अंक चुकला आहे.

भिंग घेऊन पाहिले. कोटीच्या स्थानचा तीन इतर अंकांहून नवा आहे. त्याच्याखालचा मूळ अंक चाकूने खरवडलेला दिसतो.

९ ऑक्टोबर

ऋचाच्या मदतीने माळा साफ केला. प्राध्यापकांची वही सापडली. पहिल्या पानावर हीच संख्या आहे, मात्र कोटीच्या स्थानी शाईचा डाग. समासात लिहिले आहे: 'नवांची बाकी ५.'

एवढे पुरे होते. नवांची बाकी हा जुन्या शाळांतला ताळा आहे. संशयित अंक वगळता बाकीच्या पंधरा अंकांची बेरीज साठ येते. साठात कोणता अंक मिळवला म्हणजे नऊने भागून पाच उरतील? केवळ आठ. साठ आणि आठ अडुसष्ट; बाकी पाच. दुसरा कोणताही अंक चालत नाही.

कामाला येणाऱ्या त्रिवेणीबाईंकडून अंबरपेठेतून काळ्या रंगाची लहान डबी आणवली आणि तिनाच्या जागी आठ काढला. आता संख्या विषम आहे, तिच्या शेवटी पाच नाही आणि तिला तिनाने भाग जात नाही. अविभाज्य म्हणवून घेण्यास ती निदान पात्र तरी झाली.

४४२५५७०९८५०८१३०७

छापखान्याचा नियम आहे: एकाने वाचावे, दुसऱ्याने पडताळावे. मी अंक सांगितले आणि ऋचाने ते आपल्या लॅपटॉपवर उतरवून मला परत वाचून दाखवले. बरोबर निघाले. तिला मराठी वाचताना अडखळायला होते, पण अंकांत ती चुकत नाही.

१३ ऑक्टोबर

शुद्धिपत्र छापून पुस्तिकेच्या शिल्लक दोनशे प्रतींना चिकटवावे, असा आग्रह मी अंबाजीरावांकडे धरला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या की साहेब. चार वर्षं झाली, त्या तिनानं कुणाचं काय बिघडवलं?"

मी म्हणालो की चूक कोणाचे बिघडवत नसली तरी ती चूकच असते. सायंकाळी दोनशे चिठ्ठ्या छापून आल्या. मी स्वतः खळ लावली आणि त्या प्रती मंडळाच्या सभासदांना घरोघर वाटल्या.

२० ऑक्टोबर

खाली अंगणात बायका बतुकम्मा सणाची फुले रचून फेर धरत आहेत. गाण्याचा शब्दही कळत नाही, पण ताल चांगला आहे.

त्रिवेणीबाई कपाट पुसायला गेल्या आणि बोट काळे करून परत आल्या. "आजोबा, ह्यो रंग गिल्लाच हाय की. नक्को, म्या नाही पुसत त्याला." मी हसलो. अकरा दिवसांत तैलरंग वाळतो. जाऊन बोट लावले.

रंग ओला होता. केवळ आठाचा.

डबीतला उरलेला रंग दगडासारखा घट्ट झाला आहे. सावलीमुळे असे झाले असावे.

२४ ऑक्टोबर, दसरा

पूजेला वही मांडली. पाने सुटी करताना मध्ये चिकटवलेल्या एका जुन्या कागदावर एक भागाकार आढळला. अक्षर प्राध्यापकांचे नाही. गोल, शाळेतल्या बाईंचे आहे. वर तारीख ५ मार्च २०११. आमच्या संख्येला १३०४११ ने भागले आहे. भागाकार ३३९३५५६५१३७, बाकी शून्य. मी पडताळून पाहिले. बरोबर आहे.

म्हणजे संख्या अविभाज्य नाहीच. मग प्राध्यापकांनी तसे का लिहिले?

त्रिवेणीबाईंना विचारले. सरांच्या आधी या घरात अंबाजीरावांच्या आत्या तारामतीबाई राहत. मुलींच्या शाळेत त्या अंकगणित शिकवीत. त्रिवेणीबाई तेव्हाही येथे कामाला होत्या. बाई धडधाकट होत्या, म्हणाल्या. हिशोबाच्या वह्या तपासता तपासता खुर्चीतच गेल्या, आणि दिवस पक्का लक्षात आहे, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर, घराच्या इतिहासात, त्यांच्या निधनाची तारीख १४ एप्रिल २०११ छापली आहे. मी पंचांग पाहिले. त्या वर्षी रामनवमी १२ एप्रिलला होती. म्हणून १३ एप्रिल.

ही चूक दुरुस्त करताना मी समासात आकडे लिहिले आणि लिहून झाल्यावर त्यांच्याकडे बघत राहिलो.

१३-०४-११.

२९ ऑक्टोबर

योगायोग म्हणून सोडून देणार होतो. परंतु अर्धवट पडताळणी मला जमत नाही. उरलेल्या ३३९३५५६५१३७ ला प्राध्यापकांच्या निधनाच्या तारखेने भागून पाहिले. पुस्तिकेप्रमाणे २२ जून २०१९, म्हणजे २२०६१९.

बाकी उरली १७११७६. पुन्हा केले. तीच बाकी.

दुपारी गाढ झोप लागली. ऋचाने भजी तळली होती. आबा आज गाणे गुणगुणत होते, असे तिने फोनवर सुलभाला सांगितले.

२ नोव्हेंबर

अंबाजीरावांकडे मृत्यूचा दाखला पाहायला मिळाला. मी मागितला नव्हता. एका चुकीवरून बोलणे निघाले. सर २२ जूनच्या सकाळी सापडले. डॉक्टरांनी मृत्यू आदल्या सायंकाळचा नोंदवला आहे. एकवीसचे वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर होते, बावीसचे दाराबाहेर.

२१ जून. घरी येऊन २१०६१९ ने भागले.

बाकी शून्य.

पुस्तिकेतली चुकीची तारीख मला चार दिवस शांत झोपू देत होती. ती मीच दुरुस्त केली.

भागाकार आला: १६११२३.

१६-११-२३. आजपासून चौदा दिवस.

५ नोव्हेंबर

एकच आशा होती. १६११२३ ही संख्या स्वतः फुटली, तिचे दोन लहान तुकडे झाले, तर ती तारीख राहत नाही. एखाद्या संख्येचा अवयव शोधायचा तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहावे लागते. येथे ४०१ पर्यंत. अशा संख्या एकोणऐंशी.

सकाळपासून बसलो. तेराने भागता एकच उरला. त्रेचाळिसाने भागता दोन. प्रत्येक वेळी थोडक्यात हुकत होते. चारशे एकला ३२२ उरले आणि यादी संपली.

१६११२३ अविभाज्य आहे. प्राध्यापकांचा शब्द अखेर खरा ठरला, फक्त संख्या वेगळी.

८ नोव्हेंबर

अंबाजीरावांना सरळ विचारले. ते उठून आत गेले आणि वहीतून फाडलेले एक पान घेऊन आले. सरांच्या टेबलावर होते ते. स्मृतिपुस्तिकेत असले काही शोभले नसते, म्हातारपणी डोके चालेनासे झाले असे लोक म्हणाले असते, म्हणून ठेवून दिले. पान १९ जून २०१९ चे आहे. अक्षरशः उतरवून घेतो:

'संख्या कपाटात कोणी लिहिली हे ठाऊक नाही. ती लिहिलेल्यावर चालते; जे लिहिले तेच तिला खरे. तारामतीबाईंनी भागले, पहिला भाजक त्यांच्या वाट्याला आला. मी पुढे भागले, दुसरा माझ्या. यानंतर तिला जो प्रथम पूर्ण भागील, तिसरा त्याचा. म्हणून एक अंक बिघडवून ठेवत आहे. चुकीच्या संख्येला तारीख नसते. ती चुकीचीच राहू द्यावी.'

अंबाजीराव म्हणाले, "मी तुम्हाला म्हणलो होतो, राहू द्या."

म्हणाले होते. खरे आहे.

असो. मी शहात्तर वर्षांचा आहे. प्रथम पूर्ण भागले ते मी, २ नोव्हेंबरला. तक्रार नाही. ऋचाला काही सांगणार नाही.

१० नोव्हेंबर

तरी प्रयत्न करून पाहिला. आठ खरवडून पुन्हा तीन काढला. नवा अंक तासाभरात वाळला. सकाळी पाहिले तर त्यातून आठ वर आला होता, ओला.

शुद्धिपत्रे परत मागवायला घरोघर फिरलो. एकशे सदतीस प्रती मिळाल्या. त्रेसष्ट लोकांकडे बरोबर संख्या आहे. पुन्हा त्रेसष्ट.

एका गृहस्थाने माझी पाठ थोपटली. इतकी काळजी हल्ली कोण घेतो, म्हणाला.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

ऋचाने पणत्या लावल्या. मी प्रसन्न राहण्याचा प्रयत्न करीत होतो. ती समोर येऊन बसली आणि माझ्या वहीकडे बोट दाखवून विचारू लागली, भागाकार झाला का पूर्ण. झाला, म्हणालो. तीन अवयव.

ती हसली.

"आबा, मला तर माहीतच होतं. ज्या दिवशी तुम्ही मला नंबर टाइप करायला सांगितला ना, त्याच संध्याकाळी मी प्रोग्रॅम रन केला. एका सेकंदात तिन्ही फॅक्टर्स आले. प्रिंटपण काढलं होतं तुम्हाला द्यायला. पण तुम्ही हाताने करत होता, इतके खूश होता, म्हणून नाही बोलले."

प्रिंट तिने आणून दाखवले. खाली तारीख आहे. ९ ऑक्टोबर २०२३, सायंकाळी ७.४०.

मी उठून कपाटाचे दार लावायला गेलो. ते लागत नाही.

प्रथम पूर्ण भागले ते मी नव्हे.

१३ नोव्हेंबर

तिला पुण्याला धाडले. भाऊबीज आहे, धाकटा चिन्मय वाट पाहतो, म्हणालो. ती चिडली. मला एकट्याला ठेवून जाणार नाही म्हणाली. मी आयुष्यात प्रथमच तिच्यावर ओरडलो. रडत गेली.

प्रिंट जाळले. राखेत आकडे वाचता येत होते.

अंतराने उपयोग होईल का, ठाऊक नाही. लिहिलेल्यावर चालते, म्हणतात. लिहिलेले तर —

१५ नोव्हेंबर

सुलभाचा फोन. ओवाळताना ऋचाच्या हातून ताट पडले. बोटे गार आहेत म्हणाली. थकवा असेल.

कपाटाचा रंग आता दारावरून खाली ओघळला आहे. केवळ आठाचा. इतका रंग मी लावला नव्हता.

१६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार
सकाळी नऊ

सुलभाचा फोन. ऋचा उठत नाही. डोळे उघडे आहेत, बोलत नाही. डॉक्टरांना कारण सापडत नाही. तापही नाही, काहीच नाही. सुलभा मला विचारते, बाबा, तिकडे काय झाले होते.

काय झाले होते. मी एक अंक शुद्ध केला होता.

दुपार

विचार केला. चार वर्षे येथे कोणी मेले नाही, कारण येथे एक चूक लिहिलेली होती. प्राध्यापकांना अंक बिघडवणे सुचले. तारीख बिघडवणे त्यांना सुचले नाही.

छत्तीस वर्षांत मी जाणूनबुजून एकही चुकीचे अक्षर जाऊ दिले नाही. हात चालत नाही. तरी लिहितो. शाई नको, कपाटातलाच रंग घेतला आहे. आठाचा. बोटाने लिहितो.

तारखांचे शुद्धिपत्र

पुस्तिका, पृष्ठ ४. छापले आहे: श्रीमती तारामतीबाई यांचे निधन, १४ एप्रिल २०११. वाचावे: १३ एप्रिल २०११.

पृष्ठ ११. छापले आहे: प्रा. शिवराज यांचे निधन, २२ जून २०१९. वाचावे: २१ जून २०१९.

ही रोजनिशी. लिहिले आहे: संख्या प्रथम पूर्ण भागली गेली ती ९ ऑक्टोबरला, ऋचाकडून. वाचावे: ८ ऑक्टोबर २०२३, माझ्याकडून, या खोलीत, एकट्याने, हाताने. मागील पानांत याच्याशी विसंगत काही आढळल्यास ती पाने अशुद्ध समजावीत.

— आठाला हात लावून पाहिला. वाळला आहे. कोरडा. ठणठणीत कोरडा.

— फोन. सुलभा. ऋचा उठून बसली. चहा मागितला. आबांना फोन लाव म्हणाली. मी नंतर बोलतो म्हणालो. आवाज नीट येत नाही माझा.

बोटे गार आहेत. खुर्चीत बसून लिहितो. राहिलेले पुरे करतो.

पुस्तिकेची पुढील आवृत्ती. अंबाजीराव १७ नोव्हेंबर छापतील, कारण त्रिवेणीबाई दार उद्या सकाळी उघडतील. ते चूक होईल. वाचावे: १६ नोव्हेंबर २०